एकच ग्राफिक्स कार्ड, दोन ऑपरेटिंग सिस्टीम: या आकड्यांची तुलना ग्राह्य धरावी का?

मोजपट्टी (मूळ लेख)

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स आळीपाळीने चालवायचे, तोच बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) दोन्हीकडे लावायचा आणि आलेले दोन आकडे शेजारी मांडून कोणती ऑपरेटिंग सिस्टीम वेगवान हे जाहीर करायचे, ही पद्धत आता इतकी रुळली आहे की तिच्याबद्दल कोणी शंका घेत नाही. मला ती घ्यायची आहे. असे बहुतेक तक्ते ज्या प्रश्नाचे उत्तर देत असल्याचे सांगतात, त्या प्रश्नापर्यंत ते पोहोचतच नाहीत असे माझे मत आहे. कार्ड तेच राहते, परंतु गेम आणि कार्ड यांच्यामध्ये जे काही असते ते जवळजवळ सगळे बदलते. आणि त्या सगळ्या बदलांचे श्रेय किंवा खापर एकट्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या नावावर जमा होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१२ मधले आहे. व्हॉल्व्ह कंपनीने आपला 'लेफ्ट फोर डेड २' हा गेम लिनक्सवर आणताना मोजणीचे आकडे प्रसिद्ध केले होते. कार्ड जीफोर्स जीटीएक्स ६८०. एकीकडे विंडोज ७, दुसरीकडे उबुंटू १२.०४. लिनक्सवर गेम प्रथम चालू झाला तेव्हा तो सेकंदाला फक्त ६ फ्रेम देत होता. पुढे गेममध्ये आणि ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) सुधारणा होत होत तोच गेम ३१५ फ्रेमपर्यंत गेला, तर विंडोजवर डायरेक्ट३डी हा एपीआय, म्हणजे गेमने कार्डाला सूचना देण्याची ठरलेली पद्धत, वापरून २७०.६ फ्रेम मिळत होत्या. 'लिनक्स विंडोजपेक्षा १६ टक्के वेगवान' एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहिले. पण त्याच निवेदनात तिसराही आकडा होता: विंडोज न सोडता, त्याच कार्डावर डायरेक्ट३डीऐवजी ओपनजीएल हा दुसरा एपीआय वापरला तेव्हा ३०३.४ फ्रेम मिळाल्या.

हे आकडे फ्रेमटाइममध्ये, म्हणजे एका फ्रेमला लागणाऱ्या वेळात, बदलून पाहावेत. डायरेक्ट३डीवर एका फ्रेमला सुमारे ३.७० मिलिसेकंद, विंडोजवरील ओपनजीएलला ३.३०, आणि लिनक्सवरील ओपनजीएलला ३.१७. एकूण फरक अर्ध्या मिलिसेकंदाचा. त्यातला तीन चतुर्थांशाहून थोडा अधिक भाग केवळ एपीआय बदलल्याने भरून निघाला. ज्याला 'विंडोज विरुद्ध लिनक्स' असे नाव मिळाले, तो मुख्यतः 'डायरेक्ट३डी विरुद्ध ओपनजीएल' असा सामना होता. व्हॉल्व्हच्या अभियंत्यांनीही तेच नोंदवले होते की डायरेक्ट३डीत प्रत्येक बॅचमागे (एकत्र पाठवलेल्या सूचनांच्या गटामागे) काही मायक्रोसेकंद अधिक खर्च होतात. आणि त्या ६ फ्रेमच्या दिवशीच कोणी तक्ता केला असता तर? कार्ड तेच, ऑपरेटिंग सिस्टीम तीच, आणि निष्कर्ष बरोबर उलटा निघाला असता.

आजचे तक्ते यापेक्षा सावध आहेत असे मला दिसत नाही. युनिजिन कंपनीचा सुपरपोझिशन हा बेंचमार्क विंडोजवर डायरेक्टएक्स (डायरेक्ट३डी हा त्याचाच भाग) आणि ओपनजीएल या दोन्ही मार्गांनी चालतो, लिनक्सवर मात्र केवळ ओपनजीएलने. विंडोजवर डायरेक्टएक्सने धाव घेऊन तिचे गुण लिनक्सच्या गुणांशेजारी ठेवले, की कार्यक्रमाचे नाव एकच असूनही दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या गेल्या. गेमच्या बाबतीत तर गुंता अधिक आहे. २०१८ मध्ये व्हॉल्व्हने प्रोटॉन आणल्यापासून विंडोजसाठी लिहिलेले गेम लिनक्सवर चालतात ते ट्रान्सलेशन लेयरमधून, म्हणजे एका एपीआयच्या सूचना दुसऱ्यात बदलणाऱ्या थरातून: डायरेक्ट३डी ८ ते ११ या आवृत्त्यांचे व्हल्कन या एपीआयमध्ये रूपांतर डीएक्सव्हीके करते, डायरेक्ट३डी १२ चे व्हीकेडी३डी-प्रोटॉन करते. म्हणजे लिनक्सच्या रकान्यातला आकडा हा प्रत्यक्षात लिनक्स, मेसा (लिनक्सवरील मुक्त ड्रायव्हरसंच) किंवा एनव्हिडियाचा ड्रायव्हर, आणि हा लेयर, या सर्वांचा मिळून आलेला असतो.

म्हणून माझा आग्रह असा आहे की एपीआय, ड्रायव्हरचे नाव व आवृत्ती, आणि लेयर असल्यास त्याची आवृत्ती, हे तिन्ही दिल्याशिवाय असा तक्ता ग्राह्य धरू नये. आणि दोन्हीकडे समान एपीआय नसेल तर त्याला ऑपरेटिंग सिस्टीमची तुलना म्हणू नये.

पोटमाळा

लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु त्याच्या शेवटच्या वाक्याशी मी ठामपणे असहमत आहे.

ज्याला गेम खेळायचा आहे तो एपीआय वापरत नाही, ड्रायव्हरही वापरत नाही. तो संपूर्ण साखळी वापरतो. विंडोजवर त्याला डायरेक्ट३डी १२ मिळणार आहे आणि लिनक्सवर प्रोटॉन. ही साखळी तोडून तिची एकेक कडी वेगळी तपासणे ड्रायव्हर लिहिणाऱ्याला उपयोगी पडेल, पण ज्याला आज रात्री कोणत्या सिस्टीमवर खेळावे हे ठरवायचे आहे, त्याच्यासाठी साखळीच्या टोकाला काय मिळते एवढाच प्रश्न उरतो. त्या प्रश्नाचे उत्तर हे तक्ते प्रामाणिकपणे देतात.

शिवाय 'समान एपीआय' ही अट वरवर निःपक्षपाती दिसली तरी ती तशी नाही. एएमडीच्या कार्डांचेच उदाहरण घ्या. विंडोजवरचा त्यांचा ओपनजीएल ड्रायव्हर वर्षानुवर्षे मंद होता, आणि लिनक्सवरचा मेसामधला रेडियनएसआय हा ड्रायव्हर त्याच कार्डांवर कितीतरी चांगला चालत असे. २०२१ मध्ये कोणी आपली अट काटेकोरपणे पाळून एएमडीच्या रेडियन कार्डावर दोन्हीकडे ओपनजीएल लावले असते, तर विंडोजचा दारुण पराभव दिसला असता. पण त्या काळात विंडोजवर रेडियन घेऊन खेळणाऱ्या बहुतेकांचे बहुतेक गेम ओपनजीएलला स्पर्शही करत नव्हते. म्हणजे समान अट लावून आपण एका सिस्टीमला तिच्या दुबळ्या हाताने लढायला लावले, आणि त्याला न्याय म्हटले. प्रत्येक सिस्टीमला तिच्या सर्वोत्तम मार्गाने धावू देणे हीच खरी समान अट आहे, असे मी म्हणेन.

मोजपट्टी

आपण दिलेले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, हे नम्रपणे दाखवून देतो. एएमडीने जुलै २०२२ मध्ये विंडोजसाठी नव्याने बांधलेला ओपनजीएल ड्रायव्हर दिला आणि ती दरी एका अद्यतनात मोठ्या प्रमाणात भरून निघाली. विंडोज तेच राहिले होते. याचा अर्थ, २०२१ च्या त्या तक्त्यात दिसलेला पराभव विंडोजचा नव्हताच. तो एका ड्रायव्हरचा होता. ज्याने तक्त्यात ड्रायव्हरची आवृत्ती लिहिली होती त्याचा तक्ता आजही वाचता येतो, आणि ज्याने फक्त 'विंडोज' असे लिहिले त्याचा तक्ता आज दिशाभूल करतो.

'सर्वोत्तम मार्ग' ही कल्पना मला आवडली, पण तो मार्ग कोण ठरवणार? विंडोज ११ नव्या संगणकावर येते तेव्हा मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षासुविधा बहुधा चालू असते. विंडोज १० वरून अद्यतन केलेल्या संगणकावर ती अनेकदा बंद असते. तिच्यामुळे काही गेमचा वेग घटतो, हे मायक्रोसॉफ्टनेच २०२२ मध्ये मान्य केले आणि गेम खेळताना ती बंद करण्याचा पर्याय सांगितला. मग विंडोजचा खरा आकडा कोणता, सुविधा चालू असतानाचा की बंद असतानाचा? लिनक्सकडे तर मेसाची नवी आवृत्ती साधारण दर तीन महिन्यांनी येते, आणि लिनक्सचे एखादे वितरण (तयार संच) ती लगेच देते तर दुसरे जुन्याच आवृत्तीवर थांबते. आपण म्हणता ती 'साखळी' प्रत्येक घरात वेगळी आहे.

किरणवेध

चर्चा फक्त गेमभोवती फिरते आहे, म्हणून एक वेगळे क्षेत्र पुढे ठेवतो. माझे काम ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमधील सायकल्समध्ये रेंडरिंग (दृश्यापासून चित्र तयार) करण्याचे आहे. तिथे मोजायचे असते ते एक चित्र पूर्ण व्हायला लागलेला वेळ. फ्रेमचा ओघ, पडदा, व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या गतीशी जुळवणे) यांचा प्रश्नच येत नाही. एनव्हिडियाचे कार्ड असेल तर दोन्ही सिस्टीमवर कार्डाकडून गणना करून घेण्यासाठी ऑप्टिक्स किंवा कूडा हाच मार्ग असतो, दृश्याची फाइल तीच, नमुन्यांची संख्या तीच. धागाकर्त्यांना (मोजपट्टी यांना) हवी असलेली समान अट इथे आपोआप पूर्ण होते, आणि तरीही फरक उरतो.

त्या फरकाचे एक कारण चांगले ठाऊक आहे. व्हिस्टापासून विंडोजमध्ये ग्राफिक्स ड्रायव्हर डब्ल्यूडीडीएम या चौकटीत चालतात. कार्डाची मेमरी आणि कामाची रांग यांवर विंडोजचे स्वतःचे नियंत्रण असते, आणि कार्डाकडे काम पाठवण्याचा खर्च वाढतो म्हणून ड्रायव्हर लहान कामे साठवून एकत्र पाठवतो. व्यावसायिक कार्डांसाठी एनव्हिडियाने ही चौकट टाळणारा टीसीसी नावाचा वेगळा मोड दिला, यातच तिची किंमत किती हे दिसून येते. लहान लहान कर्नल (कार्डावर चालणारी कामे) असंख्य वेळा पाठवावे लागणाऱ्या दृश्यात हा खर्च जाणवतो, आणि एकेक काम दीर्घ चालणाऱ्या दृश्यात तो जवळजवळ नाहीसा होतो. इथे मात्र 'ऑपरेटिंग सिस्टीममुळे फरक पडला' हे विधान मी निःशंकपणे करू शकतो. त्यामुळे धागाकर्त्यांची शंका सरसकट नसावी, एवढेच सुचवतो.

क्षणमापक

काय मोजावे यावर सर्वांनी लिहिले. कशाने मोजावे यावर कोणीच लिहिले नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तिथे आहे.

विंडोजवर बहुतेक जण प्रेझेंटमॉनवर आधारलेले साधन वापरतात. ते विंडोजच्या घटना-नोंदींतून माहिती घेते, त्यामुळे गेमने फ्रेम सोपवली कधी आणि ती पडद्यावर आली कधी, या दोन्ही क्षणांचा माग त्याला काढता येतो. लिनक्सवर मँगोहड हा गेमच्या प्रक्रियेतच व्हल्कनचा एक लेयर म्हणून बसतो आणि गेमने फ्रेम सोपवल्याचे क्षण मोजतो; त्यानंतर कंपोझिटरने (पडद्यावरचे अंतिम चित्र जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरने) त्या फ्रेमचे काय केले, ती दाखवली की टाकून दिली, हे त्या आकड्यात येत नाही. सरासरी एफपीएस (सेकंदाला फ्रेम) काढायचे असेल तर हा भेद सहसा बुडून जातो. परंतु सर्वांत वाईट १ टक्का फ्रेमची तुलना करायची म्हटली, की तोच भेद निर्णायक ठरू शकतो. त्यातही त्या '१ टक्क्या'ची व्याख्या एक नाही: कोणी ९९ व्या शततमकाचा फ्रेमटाइम देतो, कोणी सर्वांत मंद १ टक्का फ्रेमची सरासरी देतो. एकाच धावेच्या नोंदीतून या दोन व्याख्यांनी दोन वेगळे आकडे निघतात. दोन सिस्टीम, दोन साधने, दोन व्याख्या, आणि वर 'लिनक्सवर गेम अडखळतो' किंवा 'अडखळत नाही' असा निकाल!

दुसरी गोष्ट पहिल्या धावेची. शेडर (चित्र रंगवण्यासाठी कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम) प्रत्यक्ष कार्डासाठी कंपाइल करावे लागतात, आणि ते काम खेळताना झाले तर चित्र क्षणभर गोठते. लिनक्सवर स्टीम पुष्कळदा हे शेडर आधीच उतरवून, तयार करून ठेवते. विंडोजवर अनेक गेम ते काम पहिल्या खेळातच करतात. त्यामुळे पहिली धाव मोजली तर लिनक्स सुरळीत वाटते, आणि तिसरी धाव मोजली तर विंडोजवरची शेडरची साठवण भरलेली असल्याने फरक पुसला जातो. दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी खरे आहेत. धाव कितवी, हे न लिहिणारा मात्र चुकतो.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एकदा लिनक्सवरचे आकडे सातत्याने कमी येत होते आणि मी ट्रान्सलेशन लेयरला दोष देऊन मोकळा झालो होतो. नंतर लक्षात आले की प्रोसेसरचा गव्हर्नर (त्याचा वेग ठरवणारी लिनक्सची यंत्रणा) वीज वाचवण्याच्या स्थितीत होता आणि विंडोजवर मात्र पॉवर प्लॅन पूर्ण वेगाचा होता. मोजत होतो प्रोसेसर, आणि लिहीत होतो ग्राफिक्स कार्डाबद्दल. तेव्हापासून प्रत्येक तुलनेआधी एक सोपी कसोटी लावतो: रेझोल्यूशन वाढवून पाहायचे. वाढवूनही एफपीएस हलले नाही तर कार्डावर भार आलेलाच नाही, आणि त्या आकड्यावरून कार्डाविषयी काहीच बोलता येत नाही.

पोटमाळा

क्षणमापक यांचा प्रतिसाद मला पटला, आणि त्यामुळे माझी भूमिका थोडी बदलतो. साधनाचे नाव, धाव कितवी आणि प्रोसेसरची स्थिती, हे लिहायलाच हवे.

परंतु मूळ मुद्दा सोडत नाही. मॅकचे काय करणार? ॲपलने मॅकओएसमध्ये ओपनजीएल ४.१ वरच थांबवले, २०१८ मध्ये मोहावे आवृत्तीत ते कालबाह्य घोषित केले, आणि व्हल्कन कधी दिलेच नाही. तिथे ॲपलचा स्वतःचा मेटल हाच मार्ग आहे. व्हल्कनसाठी लिहिलेला कार्यक्रम मॅकवर मोल्टनव्हीकेमधून, म्हणजे पुन्हा एका रूपांतरातून जातो. 'समान एपीआय नसेल तर तुलना नाही' असा नियम केला तर मॅकची कोणाशीच तुलना होणार नाही, आणि वाचकाच्या हाती काहीच पडणार नाही. अपूर्ण आकडा, त्याच्या अपूर्णतेसकट, न दिलेल्या आकड्यापेक्षा बरा असतो.

मोजपट्टी

मॅकचे उदाहरण उलट माझा मुद्दा अधिक स्पष्ट करते. ॲपलच्या एम१ आणि एम२ चिपवर असाही लिनक्स हा प्रकल्प लिनक्स चालवतो, आणि त्यांच्या ओपनजीएल ड्रायव्हरला फेब्रुवारी २०२४ मध्ये ४.६ आवृत्तीची अधिकृत मान्यता मिळाली. तेच सिलिकॉन, त्याच चिपवरचे मॅकओएस ४.१ वर थांबलेले. यात चिपची क्षमता कमी नव्हती. काय उपलब्ध करून द्यायचे याचा निर्णय वेगळा होता. हे कळण्यासाठी साखळीची कडी वेगळी काढूनच पाहावी लागते. टोकाचा आकडा कितीही वेळा मोजला तरी तो हे सांगत नाही.

तरीही दोन गोष्टी मान्य करतो. किरणवेध यांनी दाखवल्याप्रमाणे जिथे मार्ग आधीच समान आहे तिथे ऑपरेटिंग सिस्टीमचे नाव घेणे योग्य आहे. आणि पोटमाळा यांचे म्हणणे असे की निर्णय घेणाऱ्याला टोकाचा आकडा हवाच असतो. तो देऊ नये असे माझे म्हणणे नाही, त्याचे कारण म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम पुढे करू नये एवढेच आहे. माझ्या लेखातले शेवटचे वाक्य त्या मानाने कठोर होते.

गेमसाठी मी एक तिहेरी पद्धत सुचवतो. डीएक्सव्हीके विंडोजवरही चालते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. म्हणून डायरेक्ट३डी ११ चा एक गेम घ्यावा आणि तीन धावा मोजाव्यात: विंडोजवर मूळ डायरेक्ट३डीने, विंडोजवरच डीएक्सव्हीके लावून, आणि लिनक्सवर प्रोटॉनमधून, डीएक्सव्हीकेची तीच आवृत्ती ठेवून. पहिल्या दोन धावांतला फरक विंडोजवर मार्ग बदलण्याचा, आणि दुसऱ्या व तिसऱ्या धावांतला फरक उरलेल्या सगळ्याचा. व्हॉल्व्हने २०१२ मध्ये जो तिसरा आकडा दिला होता, तसाच आकडा मिळवण्याचा हा प्रयत्न आहे.

पोटमाळा

पद्धत चांगली आहे, पण ती रेडियन कार्डावर लावाल तर पुन्हा फसाल. विंडोजवर डीएक्सव्हीके एएमडीच्या स्वतःच्या व्हल्कन ड्रायव्हरवर चालेल आणि लिनक्सवर बहुधा मेसाच्या आरएडीव्ही या व्हल्कन ड्रायव्हरवर. हे दोन पूर्णपणे वेगळे ड्रायव्हर आहेत. आरएडीव्हीचा शेडर कंपायलर एसीओ हा तर व्हॉल्व्हने पुढाकार घेऊन लिहवून घेतला आणि २०२० पासून तिथे आपोआप तोच वापरला जातो. तुमच्या दुसऱ्या-तिसऱ्या धावेतला फरक त्या कंपायलरचाही असू शकतो, आणि तुम्ही तो 'लिनक्सचा' म्हणून लिहाल.

मोजपट्टी

अगदी बरोबर. म्हणूनच 'उरलेल्या सगळ्याचा' असा शब्दप्रयोग केला, 'लिनक्सचा' असा नाही. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचा बराचसा भाग दोन्ही सिस्टीमसाठी सामाईक असतो, त्यामुळे पहिली मालिका त्यांच्या कार्डावर घेतो. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या धावेतला फरक सिस्टीमच्या अधिक जवळ जाणारा असेल. त्यानंतर रेडियनवर तीच मालिका. दोन्ही कार्डांवर तो फरक एकाच दिशेने झुकला, तर तो सिस्टीमचा असण्याची शक्यता वाढेल. विरुद्ध दिशांना गेला, तर तो ड्रायव्हरचा आहे असे समजायला मोठा आधार मिळेल.

क्षणमापक

मालिका घेताना प्रत्येक धाव किमान पाच वेळा घ्यावी, पहिली वेगळी नोंदवावी, आणि तिन्ही ठिकाणी फ्रेमटाइमची कच्ची नोंद ठेवावी. १ टक्क्याचा आकडा साधनाने दिलेला न घेता त्या नोंदीवरून एकाच सूत्राने काढावा. विंडोज आणि लिनक्स यांच्या धावा सलग न घेता आलटून पालटून घ्याव्यात. तापलेल्या कार्डावर दुसऱ्या सिस्टीमची पाळी आली, तर कार्डाचा वेग आधीच खाली उतरलेला असतो.